डिझेल ट्रकची ताकद मोजायला कोणता डायनो धरावा? एकच गाडी, दोन कागद

डिझेलवेडा (धागाकर्ता)

मंडळी, जरा गोंधळात आहे.

गाडी तेरा लिटरची, सहा सिलिंडर टर्बो डिझेल. ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर, मागे एकच ड्राइव्ह ॲक्सल. उत्पादकाचा आकडा ५०० पीएस (मेट्रिक घोडे), टॉर्क २५०० न्यूटन मीटर, तोही १००० ते १४०० आरपीएमच्या पट्ट्यात सपाट. रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करायचं घाटतंय. पण आधी मूळ ताकद किती ते कागदावर असावं, म्हणजे नंतर कोणी 'साठ घोडे वाढले' म्हटलं तर ताडून बघता येईल. म्हणून दोन वेगवेगळ्या चासी डायनोंवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायची यंत्रं) गाडी चढवली. दोन्हीकडे डायरेक्ट गिअर, म्हणजे १:१. ॲक्सल रेशो २.६४, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे २.६४ फेरे झाले की चाकाचा एक.

पहिला डायनो मोठ्या जड ड्रमचा, ब्रेक नसलेला. कागदावर ४५५ पीएस, टॉर्क १८७०.

दुसरा एडी करंट ब्रेकवाला (विजेच्या चुंबकाने अडवणारा), लहान जोडरोलरचा. कागदावर ४१२ पीएस, टॉर्क ५६५०!

पहिल्यात घोडे जास्त आणि टॉर्क कमी, दुसऱ्यात घोडे कमी आणि टॉर्क इंजिनाच्या दुपटीहून जास्त. यातला खरा कुठला? आणि रिमॅपनंतर कुठे जावं?

---

कुतूहल

वाचतोय. ५६५० बघून माझेही डोळे फिरले.

---

टॉर्कराव

५६५० चं कोडं सोपं आहे, ते आधी उरकू. भागिले २.६४ करा. २१४० येतात.

दुसऱ्या डायनोला तुमच्या इंजिनाचा आरपीएम मिळालाच नाही. त्याने चाकापाशी जो टॉर्क मोजला तोच छापला. गिअर आणि डिफरन्शियलमधून जाताना फेरे घटतात आणि टॉर्क त्याच पटीत वाढतो. पॉवर मात्र गिअरने वाढत नाही, घर्षणात थोडी गळते एवढंच. म्हणून पॉवरचा आकडा आरपीएम नसतानाही धड येतो आणि टॉर्कचा आकडा वाटेल तो येतो.

पेट्रोल गाडीत प्लगच्या वायरीला क्लॅम्प लावला की आरपीएम मिळतो. डिझेलला प्लगच नाही. मग पर्याय म्हणजे क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल सेन्सर, अल्टरनेटरचं डब्ल्यू टर्मिनल, जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत इंजेक्टरच्या पाइपला लावायचा पिझो क्लॅम्प, किंवा सरळ गाडीच्या जे१९३९ बसवरून (ट्रकमधल्या कॉम्प्युटरांना जोडणारी माहितीची लाइन) वाचणं. तुमच्या गाडीला शेवटचा सगळ्यात सोयीचा. तिथे कोणी कंटाळा केलेला दिसतो.

दुसरं, कागदावर पीएस आहे की एचपी ते बघून घ्या. पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, इंग्रजी एचपी म्हणजे ७४५.७ वॅट. फरक दीडएक टक्क्याचा, पण भांडणाला तेवढा पुरतो.

---

डिझेलवेडा

टॉर्कराव, जीव भांड्यात पडला. दोन्हीकडे पीएसच आहे. म्हणजे टॉर्क पहिल्यात १८७० आणि दुसऱ्यात २१४०. तरी प्रश्न राहिलाच. पहिल्यात टॉर्क कमी असून पॉवर ४३ ने जास्त कशी?

---

शंकासुर

दोघांपैकी एक खोटं बोलतोय, उघड आहे. मोठा आकडा देणारा डायनो गिऱ्हाइकाला खूश करतो. माझं मत: इंजिन उतरवून इंजिन डायनोवर लावल्याशिवाय कशालाच अर्थ नाही.

---

जुना फिटर

शंकासुर, दम धरा. दोन्ही यंत्रं आपापल्या परीने खरंच बोलत असतील. ती काय मोजतात ते वेगळं आहे.

ब्रेक नसलेला जो ड्रम आहे, तो टॉर्क मोजतच नाही. त्याला एवढंच माहीत असतं की माझं जडत्व अमुक, आणि मी तमुक सेकंदात या वेगावरून त्या वेगावर गेलो. बाकी सगळं गणित. त्यात लोड सेल (रेटा मोजणारा सेन्सर) नाही, तापून सैल पडेल असा ब्रेक नाही, वर्षानुवर्षं ड्रमचं वजन बदलत नाही. म्हणून आज मोजा नाहीतर सहा महिन्यांनी, त्याच गाडीला तो जवळपास तोच आकडा देतो. डायनोजेटचं नाव झालं ते याच गुणावर. त्यांच्या २४८ मॉडेलचा ड्रम ४८ इंची, २२४ चा २४ इंची. आता तेही एडी करंट ब्रेक जोडून देतात, तेव्हा नुसतं नाव ऐकून 'हा इनर्शियाच' (म्हणजे बिनब्रेकचा) असं समजू नका.

ब्रेकवाला डायनो गाडीला अडवतो आणि अडवताना जो रेटा बसतो तो ठरावीक लांबीच्या दांड्यामार्फत लोड सेलवर घेतो. कल्पना जुनीच आहे. प्रोनीने १८२१ मध्ये शाफ्टला लाकडी ठोकळे आवळून आणि दांड्याला वजन लावून हेच केलं होतं. फ्रूडने १८७७ मध्ये लाकडाऐवजी पाणी वापरलं, कारण जहाजांच्या इंजिनांपुढे लाकूड जळून गेलं असतं. आज मधे चुंबक आला आणि वजनाच्या जागी लोड सेल, एवढंच.

ट्रकवाल्याला पाणी आणि चुंबक यांतला फरक कळायला हवा.

पाण्याचा ब्रेक छोट्या आकारात प्रचंड ताकद गिळतो. पण त्याची अडवण्याची क्षमता फेऱ्यांच्या वर्गाने वाढते, म्हणजे फेरे निम्मे झाले की टॉर्क पाव. ट्रक डिझेलचा सगळा जीव तर खालच्या फेऱ्यांत. त्यामुळे मोठा ब्रेक घ्यावा लागतो किंवा मधे गिअर टाकून त्याचे फेरे वाढवावे लागतात. शिवाय व्हॉल्व्ह उघडून पाणी भरेपर्यंत थोडा वेळ जातो, आरपीएम इकडेतिकडे डोलतो. एकदा स्थिरावला की मग भक्कम, तास-तासभर लोड धरतो. फक्त पाणी हवं. ३०० किलोवॅट सतत गिळायचे आणि पाणी ३० अंशांनी तापू द्यायचं, तर मिनिटाला सुमारे १४५ लिटर फिरवावं लागतं.

एडी करंट ब्रेकला विजेने हुकूम द्यायचा, क्षणात ऐकतो. खालच्या वेगावरही बऱ्यापैकी पकडतो. आणि गंमत म्हणजे बऱ्याच चासी डायनोंत जो हवेने थंड होणारा ब्रेक असतो, तो मुळात ट्रक-बसच्या प्रोपेलर शाफ्टवर उतारासाठी बसवायच्या रिटार्डरचाच भाऊ. दोष एकच, तापतो. तापलं की लोखंडाचा विद्युत-रोध वाढतो आणि पकड ढिली पडते. लोड सेल खरं तेच सांगतो, पण ब्रेक ठरवलेला आरपीएम धरून ठेवू शकत नाही, गाडी निसटते.

तिसरा, एसी मोटरवाला. अडवतो, हवं तर स्वतः इंजिनाला फिरवतो, वीज परत लाइनला सोडतो. सगळ्यांत उत्तम आणि सगळ्यांत खर्चिक. इंजिनच्या आणि एमिशनच्या प्रयोगशाळांत तोच.

---

आकडेमोड

फिटरकाकांच्या प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो. पहिल्या डायनोवर टॉर्क का कमी आला ते यातून दिसेल.

समजा ड्रमचं जडत्व १५०० किलोची गाडी ढकलण्याइतकं आहे. तुमचा ट्रक डायरेक्ट गिअरमध्ये १००० आरपीएमला ७० च्या आसपास असेल, १९०० ला १३३. ७० ते १३३ किमी वेग नेताना त्या ड्रममध्ये साधारण ७४० किलोज्यूल ऊर्जा साठते. चाकावर सरासरी ३०० किलोवॅट धरले तर लागणारा वेळ जेमतेम अडीच सेकंद!

अडीच सेकंदांत तेरा लिटरच्या इंजिनाचा टर्बो पूर्ण बूस्टला (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) पोचेल का? आणि बूस्ट चढत नाही तोवर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) धूर होऊ नये म्हणून डिझेल पूर्ण सोडतच नाही. म्हणजे १००० ते १४०० हा जो तुमचा सोन्याचा पट्टा, तो बूस्ट येण्याआधीच निघून गेला. वरच्या टोकाला जाईपर्यंत बूस्ट आला, म्हणून पॉवर दिसली, टॉर्क दिसला नाही. शिवाय फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स, चाकं हे सगळं इतक्या वेगाने फिरवायला जी ताकद खर्च झाली ती ड्रमपर्यंत आलीच नाही.

हाच रन दहा सेकंद चालावा असं वाटत असेल तर ड्रम जवळपास ६ टनांच्या बरोबरीचा लागेल. मोटारसायकल आणि कारसाठी जे यंत्र नामी, ते ट्रक डिझेलला हलकं पडतं ते इथे.

पण यातून ४५५ चं उत्तर मिळत नाही. डिझेलवेडा, पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात हवामान आणि करेक्शन लिहिलेलं असेल. ते टाका इथे.

---

डिझेलवेडा

हो आहे की! तापमान ३२, हवेचा दाब ९७.५ (कोरडा), 'एसटीडी', सीएफ (करेक्शन फॅक्टर) १.०७, स्मूदिंग ५. ग्राफवर लिहिलंय की पॉवर करेक्टेड आहे, टॉर्क तसाच. दुसऱ्या कागदावर सीएफ १.००, म्हणजे बहुतेक काहीच लावलेलं नाही.

---

आकडेमोड

सापडलं. ४५५ भागिले १.०७ म्हणजे ४२५. चोर डायनोत नव्हता, सीएफमध्ये होता.

आता हे जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक धाग्यांत याच्यावरून नुसतीच हमरीतुमरी होते.

हवा गरम किंवा विरळ असली की टर्बो नसलेलं इंजिन कमी हवा ओढतं, कमी ताकद देतं. ते भरून काढायला करेक्शन फॅक्टर आला. 'एसटीडी' म्हणजे जुनं एसएई जे६०७: १५.५ अंश, १०१.३ किलोपास्कल, अगदी आदर्श हवा. एसएई जे१३४९ त्यामानाने जमिनीवरचं: २५ अंश, ९९ किलोपास्कल. एकाच रनला एसटीडी लावलं की एसएईपेक्षा आकडा साधारण चार टक्क्यांनी फुगतो. मोठा आकडा आवडणाऱ्यांत ते लोकप्रिय का, ते वेगळं सांगायला नको.

पण टर्बो डिझेलचा प्रश्न याहून मूळचा आहे. टर्बो हवा ओढून घेतो, आणि ईसीयू सेन्सरवरून मोजून बूस्ट राखतो. बाहेर दाब थोडा उतरला तर टर्बो थोडा जास्त फिरतो, इंजिनाला फारसं कळत नाही. जे नुकसान झालंच नाही त्याची भरपाई कशाला? आयएसओ १५८५ आणि यूएन आर८५ मध्ये डिझेलसाठी म्हणूनच वेगळं सूत्र आहे. त्यात आधी हवेचा घटक काढतात: टर्बोसाठी (९९ ÷ दाब) चा ०.७ घात गुणिले (केल्विन तापमान ÷ २९८) चा १.५ घात. मग त्या सगळ्याला इंजिनाचा स्वतःचा घात द्यायचा. हा घात ठरतो एका आवर्तनात एका लिटरमागे किती मिलिग्रॅम डिझेल जातं भागिले बूस्टचं गुणोत्तर यावरून. ४० च्या खाली आलं तर घात ०.३, ६५ च्या वर गेलं तर १.२.

तुमच्यासारख्या इंजिनात लिटरमागे ११० च्या आसपास मिलिग्रॅम आणि बूस्ट गुणोत्तर साडेतीन धरलं तर ३१ येतात. घात ०.३. तुमच्या ३२ अंश आणि ९७.५ ला हवेचा घटक १.०४७, त्याचा ०.३ घात म्हणजे १.०१४.

सात टक्के वाढवले, हक्क होता दीड टक्क्याचा.

---

शंकासुर

हे खरं असेल तर सगळीकडे एसएई-एसटीडीच का लावतात? जे१३४९ मध्ये डिझेलची सोय नाही का?

---

आकडेमोड

आहे ना. पण डायनोच्या सॉफ्टवेअरमधलं 'एसएई' बटण अनेकदा पेट्रोलचंच सूत्र लावतं, आणि समोर ट्रक उभा आहे म्हणून ते कोणी बदलत नाही. ट्रक डिझेलसाठी माझा नियम: कच्चा आकडा मागा, तापमान आणि दाब शेजारी लिहून घ्या, फॅक्टर १.०० ठेवा. गणित घरी करता येतं.

---

रिटार्डर

मी स्वतः लोड डायनो चालवतो (हवेने थंड होणारा एडी करंट), म्हणून थोडं दुसऱ्या बाजूने.

४२५ आणि ४१२ यातला उरलेला फरक ३ टक्क्यांचा. तो शोधायला फार लांब जायला नको, टायर बघा. मोठ्या एकाच ड्रमवर टायर थोडासाच चेपतो. दोन लहान रोलरांच्या खोबणीत बसला की दोन ठिकाणी खोल चेपतो, दर फेऱ्याला दोनदा मळला जातो आणि ती सगळी ताकद उष्णतेत जाते. दोन रन झाल्यावर टायरवर हात ठेवून बघा. त्यात हवा कमी असेल तर विचारूच नका. गाडी बांधायच्या साखळ्या कमीजास्त आवळल्या तरी आकडा हलतो. मी हवा आणि साखळीचा ताण कागदावर लिहून देतो, तरी लोक फक्त घोडे वाचतात.

आणि रिकामा ट्रॅक्टर डायनोवर आणणाऱ्यांसाठी: चाकावर २१०० न्यूटन मीटरच्या आसपास इंजिन-टॉर्क पोचतो आहे असं धरा, ७० किमी वेगाला चाकाच्या काठावर सुमारे ११ किलोन्यूटन ओढ येते. ट्रेलर नसताना मागच्या ॲक्सलवर अडीच टन असले तर खाली दाब २४-२५ किलोन्यूटन. म्हणजे गुळगुळीत पोलादी रोलरवर ०.४५ चं घर्षण हवं. गरम टायर, ओला रोलर, की घसरलंच. घसरण झाली की आरपीएम आणि रोलरचा वेग यांचं गुणोत्तर बदलतं, आणि ग्राफवर टॉर्क खाली पडल्यासारखा दिसतो. लोक म्हणतात 'इंजिन लटकलं'. इंजिन ठीक असतं. यावर उपाय ॲक्सल खाली खेचणाऱ्या साखळ्या किंवा वरून वजन.

---

चाकजोडी

+१ रिटार्डर.

मग हब डायनो का नको? चाक काढा, हबला थेट जोडा. टायरच गेला की मळणं नाही, घसरणं नाही. डायनापॅक, रोटोटेस्ट अशांची नावं ऐकली आहेत, आकडे फार स्थिर येतात म्हणे.

---

टॉर्कराव

कल्पना उत्तम. कारसाठी तर मी तोच सुचवेन. ट्रकला दोन अडचणी. एक, टॉर्क. १:१ मध्ये दोन्ही हब मिळून साडेपाच-सहा हजार न्यूटन मीटर. चुकून खालचा गिअर पडला तर तोच आकडा कित्येक पट. तेवढ्या क्षमतेचं हब युनिट हवं, कारचं चालणार नाही. दोन, ज्यांना मागे दोन ड्राइव्ह ॲक्सल आहेत त्यांना चार युनिटं लागतात, नाहीतर इंटर-ॲक्सल डिफरन्शियल सगळी ताकद मोकळ्या ॲक्सलकडे ढकलतं. हीच गोष्ट रोलरलाही लागू आहे: दोन्ही ॲक्सल रोलरवर नसतील तर रन घेऊच नये.

---

कुतूहल

एक बाळबोध प्रश्न. चाकावर ४१२ आणि इंजिनावर ५००. मधले ८८ गेले कुठे? सगळे म्हणतात 'पंधरा टक्के लावा की इंजिनाची ताकद निघते'. लावू का?

---

जुना फिटर

लावू नका.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधला तोटा काही अंशी लोडबरोबर वाढतो, काही अंशी फक्त वेगाबरोबर. तेल घुसळायला लागणारी ताकद गाडी रिकामी असो की भरलेली, तेवढीच. टायरचा तोटा वेगळाच. यांना एकच टक्का कसा लागू पडेल? याच धाग्यात बघा: दुसऱ्या कागदात टॉर्क २५०० चा २१४०, म्हणजे तोटा साडेचौदा टक्के. पॉवर ५०० ची ४१२, तोटा साडेसतरा. तोच ट्रक, तोच रन, फक्त वेग वाढला. उद्या रिमॅपने इंजिनाने १०० वाढवले तर तोटा त्याच टक्क्याने वाढणार नाही, मग 'पंधरा टक्के'वाला गडी इंजिनाचा आकडा फुगवून सांगणार.

काही डायनो रन संपल्यावर क्लच दाबून गाडी आपोआप मंदावू देतात आणि त्यावरून तोटा काढतात. कल्पनेपेक्षा बरं. पण मंदावताना दात्यांवर लोड नसतो, म्हणून तो तोटाही कमीच दिसतो.

आणि ५०० तरी कुठले? एसएई जे१९९५ ग्रॉस, की आयएसओ १५८५ नेट? ग्रॉसमध्ये बऱ्याच ॲक्सेसरी वगळलेल्या असतात. नेटमध्येसुद्धा क्लचवाला फॅन सुटा ठेवून मोजायची मुभा आहे. तुमच्या गाडीत त्या दिवशी फॅन लागला होता का? मोठ्या ट्रकचा फॅन पूर्ण लागला की तीस-चाळीस किलोवॅट सहज खातो. डायनोसमोरचा पंखा ८० किमीच्या वाऱ्याची बरोबरी करत नाही, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या रनला फॅन लागतोच.

---

डिझेलवेडा

फॅनचं लक्षात नाही, पण दुसऱ्या डायनोवर मधेच मोठा आवाज सुरू झाला होता खरा.

---

रिटार्डर

मग तो रन बाद समजा.

ट्रकसाठी आणखी काही गोष्टी बघायला लागतात. एक, अनेक ट्रकांत ईसीयू खालच्या गिअरांत टॉर्क मुद्दाम कमी ठेवतो, गिअरबॉक्स वाचावा म्हणून. तुम्ही १:१ मध्ये चालवलात ते बरोबर, तरी त्या गिअरला पूर्ण टॉर्क परवानगी आहे ना, हे बघून घ्या. दोन, एएमटी (आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) असेल तर मॅन्युअलमध्ये ठेवा आणि ॲक्सिलरेटरच्या तळाचा किकडाउन खटका दाबू नका, भर रनमध्ये गिअर उतरवेल. टॉर्क कन्व्हर्टर असेल तर लॉकअप लागल्याशिवाय मोजू नका, कन्व्हर्टर स्वतःच टॉर्क वाढवतो आणि ग्राफच्या सुरुवातीला खोटा डोंगर उभा राहतो. तीन, पुढची चाकं उभी आणि मागची पळताहेत हे एबीएसला पटत नाही. तो ट्रॅक्शन कंट्रोलमधून टॉर्क कापू शकतो. डायनो मोड असेल तर लावा. चार, रनच्या मध्यात डीपीएफचं (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, सुरू झालं तर तो कागद फाडून टाका. आधी काजळीची पातळी वाचा. पाच, वेगमर्यादा. ८०-९० ला लिमिटर असलेल्या गाडीत वरचा आरपीएम डायरेक्ट गिअरमध्ये गाठताच येत नाही, मग एक गिअर खाली यावं लागतं.

---

शंकासुर

एवढ्या अटी पाळायच्या तर मी म्हणालो तेच खरं ठरलं. इंजिन डायनो. पाणी, डिझेल, इंटरकूलर सगळ्याचं तापमान ताब्यात, टायर नाही, गिअर नाही.

---

टॉर्कराव

इंजिन तयार करणाऱ्याला, ओव्हरहॉल करणाऱ्याला जरूर. पण शंकासुर, धागाकर्त्याला इंजिनाची ताकद जाहीर करायची नाही, रिमॅपआधी-रिमॅपनंतरचा फरक बघायचा आहे. त्यासाठी चालू गाडीचं इंजिन उतरवून हार्नेस तोडून टेस्ट बेडवर? गाडीशिवाय तो ईसीयू धड चालू तरी होईल का? आफ्टरट्रीटमेंट, गिअरबॉक्स, एबीएस सगळ्यांशी तो बोलतो. कोणी उत्तर दिलं नाही तर टॉर्क कापून बसेल.

---

शंकासुर

ईसीयूचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

---

नांगरधारी

अवांतर: शेतीच्या ट्रॅक्टरवाल्यांचं बरंय. मागच्या पीटीओला (इंजिनाची ताकद बाहेर घ्यायचा शाफ्ट) डायनो जोडा, टायर-गिअरबॉक्सची कटकट नाही. अमेरिकेत नेब्रास्कात १९१९ मध्ये कायदाच झाला, विकायच्या ट्रॅक्टरची चाचणी व्हायलाच हवी म्हणून, आणि १९२० मध्ये चाचण्या सुरू झाल्या. अहवालात पीटीओ पॉवर स्पष्ट. ट्रकलाही पीटीओ असतो की?

---

जुना फिटर

असतो, पण ट्रकचा पीटीओ पंप नाहीतर टिपर उचलण्यापुरता. इंजिनाचा पूर्ण टॉर्क त्यातून काढायला गेलात तर पीटीओचे दात हातात येतील.

---

चाकजोडी

ग्राफबद्दल एक शंका. एका कागदावर पॉवर आणि टॉर्कच्या रेघा १६०० ला एकमेकींना छेदतात. पण मी वाचलंय की त्या नेहमी ५२५२ ला छेदतात. मग कागद खोटा?

---

आकडेमोड

खोटा नाही. ५२५२ हे एचपी आणि फूट-पाउंड एकाच मापाच्या अक्षावर काढले तर. न्यूटन मीटर आणि पीएस असेल तर तोच आकडा ७०२४, आणि किलोवॅट असेल तर ९५४९. ट्रक डिझेल २००० च्या आसपास संपतं, त्यामुळे एकाच अक्षावर त्या रेघा कधी छेदणारच नाहीत. तुमच्या कागदावर डावा आणि उजवा अक्ष वेगळ्या मापाचा आहे, छेद निव्वळ योगायोग.

याच सूत्राचा खरा उपयोग कागद तपासायला होतो. न्यूटन मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९, किलोवॅट निघाले पाहिजेत. उत्पादकाचे आकडे घालून बघा: स्कॅनियाचं ७७० चं व्ही८, ३७०० न्यूटन मीटर १४५० पर्यंत. म्हणजे १४५० ला ५६२ किलोवॅट, ७६४ पीएस. कमाल पॉवर ७७० पीएस, १८०० ला. १४५० नंतर साडेतीनशे आरपीएम इंजिन फिरतं आणि पॉवर जेमतेम सहाने वाढते. म्हणून ट्रक डिझेलमध्ये 'कमाल घोडे' हा एकटा आकडा फार काही सांगत नाही. ११०० ला किती, १३०० ला किती, ते विचारा. चढावर ट्रेलर तिथेच ओढला जातो.

---

डिझेलवेडा

म्हणजे मला पुढच्या खेपेला लोड धरणारा डायनो, आणि तोच दोन्ही वेळा. स्वीप रन (आरपीएम खालून वर नेत) घेऊ की एकेका आरपीएमला धरून?

---

रिटार्डर

दोन्ही. आधी सावकाश स्वीप, १००० ते १९०० ला निदान दहा-बारा सेकंद लागतील इतका. कुठे खड्डा आहे ते त्यात दिसतं. मग ११००, १३००, १५०० ला पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन आरपीएम धरायचा. बूस्ट स्थिर झाला की वाचायचं, लगेच सोडायचं. त्याहून लांबवलं तर माझ्यासारख्याचा ब्रेक तापतो आणि तुमचा इंटरकूलरही. इंजिनाला धरल्यावर आकडा स्वीपपेक्षा वेगळा येईल. धरलेल्यात फिरणाऱ्या भागांना वेग द्यायला ताकद जात नाही, पण आत येणारी हवा तापते. दोन्ही आकडे बरोबरच असतात, फक्त एकाची तुलना दुसऱ्याशी करू नका.

रनच्या आधी डायनोवाल्याला लोड सेल तपासून दाखवायला सांगा. एक मीटरच्या दांड्यावर ५० किलोचं प्रमाणित वजन टांगलं की ४९०.५ न्यूटन मीटर दिसले पाहिजेत. वजन काढल्यावर शून्य. मग रन झाल्यावर, सगळं गरम असताना, पुन्हा शून्य. जो हे करायला कां कू करतो त्याच्याकडून कागद घेऊ नका.

---

टॉर्कराव

आणि समांतर जे१९३९ लॉग चालू ठेवा. इंजिनाचा वेग (एसपीएन १९०; एसपीएन म्हणजे बसवरच्या त्या माहितीचा क्रमांक), प्रत्यक्ष टॉर्क टक्क्यांत (एसपीएन ५१३), आणि तो टक्का कशाचा हे सांगणारा संदर्भ टॉर्क (एसपीएन ५४४). बूस्ट, इंटेकचं तापमान, डिझेलचं तापमानही. डिझेल तापलं की पातळ होतं आणि तेवढ्याच इंजेक्शनमध्ये वजनाने कमी जातं, हे विसरलं जातं.

मात्र ५१३ हा ईसीयूचा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. डिझेल किती सोडलं त्यावरून तो गणित करतो. रिमॅप करणाऱ्याने ते तक्तेच बदलले असतील तर रिमॅपनंतर तोच टक्का काहीही दाखवेल. पहिल्या वेळच्या लॉगला त्याचा आधार घ्या, दुसऱ्या वेळी फक्त डायनोवर विसंबा.

---

शंकासुर

हे मात्र पटलं. रिमॅपवाले लोक हाच स्क्रीनशॉट दाखवून पैसे घेतात.

एक सावधगिरीचं मी सांगतो. २०२२ मध्ये इंडियानापोलिसला अल्टिमेट कॉलआउट चॅलेंज स्पर्धेत एका पिकअपचं डिझेल इंजिन डायनोवरच फुटलं, व्हिडिओ सगळीकडे फिरला. ती स्पर्धेची गाडी होती, तुमची नाही, मान्य. पण रनच्या वेळी गाडीच्या शेजारी आणि साखळीच्या रेषेत कोणी उभं राहू नये. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आधी हलवून बघा.

---

जुना फिटर

शंकासुरांशी शंभर टक्के सहमत, हे मी पहिल्यांदाच लिहितोय. टायरमध्ये अडकलेले खडेही काढा. आणि रिमोल्ड टायर चढवून डायनोवर येऊ नका, रोलरवर तापला की ट्रेड सुटतो.

---

डिझेलवेडा

क्रॉस नवीन आहेत, मागचे टायर मूळचे आहेत. तारीख ठरवतोय. फॅन सुटा, सीएफ १.००, आरपीएम बसवरून, हवा आणि साखळीची नोंद, स्वीप आणि धरून दोन्ही. ११०० ला धरताना एक्झॉस्टचं तापमान कोणी बघायचं? माझ्या गाडीत त्याचा मीटर नाही.

---

रिटार्डर

डीपीएफच्या आधीचा सेन्सर आहे ना, तो लॉगमध्ये घ्या. तो टर्बोच्या नंतर आहे, त्यामुळे मॅनिफोल्डपेक्षा बराच कमी दाखवेल, तेवढं ध्यानात ठेवा. लॅपटॉप घेऊन शेजारच्या सीटवर माणूस बसवा, ॲक्सिलरेटरवाल्याने फक्त आरपीएम आणि माझ्या हाताकडे बघायचं.